मुलामा की बदल? जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या इंधनवाहिन्यांविषयी थोडेसे

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, लसीकरण या विषयांच्या पंक्तीला एका जुन्या मोटारीच्या नळ्या, बोल्ट आणि वॉशर यांनी येऊन बसावे, हे काही वाचकांना विसंगत वाटेल. पण आपल्या इंदूरला मोटारींचे वेड नवे नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३५ साली बांधलेली अमेरिकन ड्युसेनबर्ग एसजे आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी चढवलेली देखणी बॉडी यांची वर्णने जगभरच्या मोटारशौकिनांच्या पुस्तकांत आजही आढळतात. राजेरजवाड्यांचे ते वैभव आपल्या आवाक्यातले नाही. तरीही कुणाच्या वाड्यात, कुणाच्या बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादी जुनी दोन आसनी मोटार अजून जपलेली असते, आणि ती जपणाऱ्यांमध्ये डॉक्टरांची संख्या लक्षणीय आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केल्यापासून या छंदाला थोडे अधिष्ठानही लाभले आहे.

अशा मोटारीचे पुनरुज्जीवन करताना रंग, चामड्याच्या बैठका, क्रोमचे बंपर यांवर भरपूर चर्चा होते. ज्या लहानशा जोडण्यांमधून पेट्रोल वाहते, त्यांच्याकडे मात्र बहुधा शेवटी लक्ष जाते, आणि तेही ‘जरा चकचकीत करून घ्या’ एवढ्यापुरतेच. माझ्या एका स्नेह्यांच्या १९६० च्या दशकातील एमजीबी मोटारीच्या इंधनव्यवस्थेचे काम गेली दोन वर्षे मी जवळून पाहतो आहे. फुरसतीच्या दिवशी त्यात हातही घालतो. या कामात एक प्रश्न पावलोपावली उभा राहतो. समोरच्या जुन्या जोडणीला नवा मुलामा द्यायचा, की ती काढून टाकून नवी बसवायची? या प्रश्नाचे उत्तर सौंदर्यदृष्टीने दिले तर चुकते. ते कार्यदृष्टीने द्यावे लागते, आणि त्यात आपल्या वैद्यकीय ज्ञानाचाही थोडा उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे.

पेट्रोलचा प्रवास

एमजीबी १९६२ पासून १९८० पर्यंत इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे तयार होत होती. १७९८ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि त्यावर एसयू जातीचे दीड इंची दोन कार्बोरेटर, ही तिची मूळ रचना. एसयू म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. पादत्राणांच्या व्यवसायातील स्किनर घराण्यातल्या बंधूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा कार्बोरेटर सिद्ध केला, आणि त्याच्या पहिल्या अवतारात चक्क कातड्याचा भाता होता. घरच्या धंद्यातले साहित्य हाताशी होते, ते त्यांनी वापरले.

या मोटारीची टाकी मागे, सामान ठेवण्याच्या जागेखाली असते. मागच्या आसाजवळ विजेवर चालणारा एसयू पंप असतो. तो टाकीतून पेट्रोल ओढतो आणि पोलादी नळीतून गाडीच्या तळाखालून पुढे ढकलतो. पुढे इंजिनाच्या कप्प्यात ही नळी संपते आणि रबरी नळी सुरू होते, कारण इंजिन थरथरते आणि गाडीचा सांगाडा स्थिर असतो. दोहोंमध्ये लवचीक दुवा हवाच. तेथून पेट्रोल दोन्ही कार्बोरेटरच्या तरंगकोठ्यांत जाते. कोठी भरली की आतला तरंग वर येऊन सुईची झडप बंद करतो.

या साऱ्या व्यवस्थेतला दाब अगदी माफक, साधारण तीन पौंड प्रति चौरस इंच इतकाच असतो. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये तो याच्या दसपटीहून अधिक असतो. म्हणून ‘एवढ्याशा दाबाला काय होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. कार्बोरेटर वर, तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच्या खाली, आणि मध्ये केवळ पत्र्याचा एक आडोसा. वरून ठिबकलेला थेंब कोठे जाणार, हे सांगायला नको. शिवाय पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर विरून जात नाही. जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खड्ड्यात साठून राहते आणि दूरच्या ठिणगीची वाट पाहते. दाब कमी असला तरी धोका कमी होत नाही तो यामुळे.

बँजो आणि त्याचे दोन वॉशर

जुन्या ब्रिटिश मोटारींत पेट्रोलची नळी पंपाला किंवा कार्बोरेटरला जोडण्यासाठी ‘बँजो’ नावाची जोडणी सर्रास आढळते. नळीच्या टोकाला एक गोल कडे असते. कडे आणि नळी मिळून त्या वाद्यासारखी आकृती दिसते, म्हणून हे नाव. या कड्यातून एक पोकळ बोल्ट जातो. त्याच्या अंगाला आडवी भोके असतात. पेट्रोल नळीतून कड्यात, कड्यातून भोकांवाटे बोल्टच्या पोकळीत आणि तेथून पुढे जाते. कड्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन वॉशर असतात. गळती थांबवण्याचे सारे काम या दोन वॉशरांचे असते.

हे नीट समजून घेतले की निम्मा प्रश्न सुटतो. बोल्टाच्या आट्यांचे काम फक्त आवळण्याचे आहे. पेट्रोल अडवण्याचे नाही. त्यामुळे गळती दिसली की आट्यांवर पांढरी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याची जी सवय नळकाम करणाऱ्यांकडून आपल्याकडे आली आहे, ती येथे निरुपयोगी आणि घातक ठरते. पट्टीचे बारीक तुकडे सुटतात, पेट्रोलबरोबर वाहतात आणि तरंगकोठीच्या सुईखाली अडकतात. सुई मिटत नाही आणि कोठी भरून वाहू लागते. गळती थांबवण्यासाठी केलेल्या उपायानेच गळती होते.

वॉशर तांब्याचे, अ‍ॅल्युमिनियमचे किंवा फायबरचे असतात. फायबरचा वॉशर एकदा दाबला गेला की त्याचे आयुष्य संपले; तो पुन्हा वापरू नये. तांब्याचा वॉशर दाबाखाली टणक होतो, पण तो मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की पुन्हा मऊ होतो. हे काम आपल्या तांबटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तांब्याचे भांडे ठोकताना ते अधूनमधून भट्टीत घालतात ते याचसाठी. तथापि नवा वॉशर मिळत असेल तर तोच बसवावा. या एवढ्याशा चकतीची किंमत पाहता काटकसरीला येथे जागा नाही.

आट्यांविषयी आणखी एक सावधगिरी. ब्रिटिश गाड्यांत निरनिराळ्या काळांचे आटे एकत्र नांदतात. एमजीच्याच आधीच्या टी मालिकेतील इंजिनांत आटे मेट्रिक आणि बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थ मापाची असतात. कारण ते इंजिन बनवणारा मॉरिसचा कॉव्हेंट्री येथील कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. मॉरिसने तो १९२३ साली घेतला आणि फ्रेंच यंत्रांवरचे मेट्रिक आटे पुढे चालू राहिले. तात्पर्य, ‘बसतोय ना’ म्हणून पान्याच्या जोरावर आवळलेला बोल्ट कार्बोरेटरच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममधले आटे कायमचे घालवू शकतो. बोल्ट पहिले चार फेरे बोटांनीच फिरला पाहिजे. फिरत नसेल तर तो तेथला नव्हे.

मुलाम्याचे शास्त्र

आता मुलाम्याकडे वळू. जुन्या गाड्यांतील पोलादी जोडण्यांवर बहुधा जस्ताचा किंवा कॅडमियमचा पातळ थर असे. दोन्ही धातू पोलादाच्या आधी स्वतः झिजतात आणि पोलादाला वाचवतात. जस्तावर नंतर क्रोमेटचा हात दिला जाई. त्याने ती ओळखीची सोनेरी, इंद्रधनुषी छटा येते. पन्नास वर्षांत ही छटा उडते, थर झिजतो आणि खालून गंज डोकावू लागतो. गंज केवळ पृष्ठभागावर असेल, आटे शाबूत असतील आणि वॉशर टेकण्याची जागा सपाट असेल, तर अशा जोडणीला पुन्हा मुलामा देणे योग्यच आहे. बाजारात येणाऱ्या नव्या नकली जोडण्यांत भोक लहान असणे, कडे वाकडे असणे असे दोष आढळतात. त्या मानाने कारखान्यातून आलेला जुना, खरा भाग सरस ठरतो.

पण मुलामा देणाऱ्याकडे भाग सोपवण्यापूर्वी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, जाडी. जस्ताचा नेहमीचा थर ८ मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे मिलिमीटरचा सव्वाशेवा भाग. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण आट्यांच्या दोन्ही तिरप्या बाजूंवर आणि बोल्टाच्या दोन्ही अंगांना थर चढत असल्यामुळे आट्यांचे परिणामकारक माप थराच्या जवळजवळ चौपट, सुमारे ३२ मायक्रॉनने वाढते. बारीक आट्यांच्या जोडणीत एवढ्यानेही बोल्ट अडू शकतो. जाड मुलामा म्हणजे चांगला मुलामा, ही समजूत येथे चालत नाही.

दुसरी, साफसफाई. मुलाम्याआधी भाग काचेच्या बारीक मण्यांच्या झोताने साफ करतात. हे मणी बँजो बोल्टच्या आडव्या भोकांत आणि कड्याच्या आतल्या खाचेत दडून बसतात. तेथून निघाले की थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये. म्हणून भोके आधी बंद करावीत आणि नंतर प्रत्येक वाट तारेने, पेट्रोलने आणि हवेच्या दाबाने तपासावी. वॉशर टेकतो त्या कड्यावर झोत मुळीच मारू नये. तेथील पृष्ठभाग खडबडीत झाला की कोणताही वॉशर तेथे नीट बसत नाही.

तिसरी, आतली बाजू. विजेने चढणारा मुलामा लांब, अरुंद पोकळीच्या आत पोहोचत नाही. आम्लाने आतला जुना थर आणि गंज मात्र निघून जातो. म्हणजे बाहेरून सोनेरी झालेली जोडणी आतून अधिक उघडी पडलेली असते. ती लगेच धुऊन, वाळवून आतून तेलाचा हात फिरवला नाही तर आठवड्यात आत गंज धरतो.

चौथी, ठिसूळपणा. आम्लात बुडवताना आणि मुलामा चढताना पोलादात हायड्रोजन शिरतो. साध्या मऊ पोलादाच्या जोडणीला त्याचे फारसे काही होत नाही. पण कडक पोलादाचे बोल्ट आणि स्प्रिंग दिसायला नवे होऊन अचानक तुटू शकतात. त्यांना मुलाम्यानंतर काही तासांच्या आत सुमारे २०० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजून घ्यावे लागते. ज्या कारागिराला ही पायरी माहीत नाही, त्याच्याकडे असे भाग देऊ नयेत.

पितळी जोडण्यांना मुलाम्याची गरज नसते. त्या नुसत्या साफ कराव्यात. पण अमोनिया असलेल्या पॉलिशने नव्हे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत असत. त्याचे कारण १९२१ च्या सुमारास उलगडले. घोड्यांच्या मुताऱ्यांतून येणारा अमोनिया ताणाखालच्या पितळेत सूक्ष्म भेगा पाडत होता. आवळलेली पितळी जोडणीही ताणाखालीच असते. तिच्यासाठी चिंच, मीठ आणि भरपूर पाणी हा आजीबाईंचा उपाय अधिक सुरक्षित आहे.

जे बदलायलाच हवे

धातूला दुसरे आयुष्य देता येते, रबराला नाही. रबरी नळी, तरंगकोठीच्या झाकणाखालचे गॅस्केट, पंपातला पडदा, फायबरचे वॉशर, कोठीपासून जेटपर्यंत जाणारी नायलॉनची बारीक नळी, हे सारे बदलायचेच भाग आहेत. त्यांत ‘मूळचे आहे’ या शब्दाला काही किंमत नाही.

जुन्या नळीवर पोलादी तारेची जाळी असेल तर अधिकच काळजी घ्यावी. जाळी पुसून चकचकीत करता येते, आणि आतले रबर तोपर्यंत भेगाळलेले असते. वरचे दिसते, खालचे दिसत नाही. अशी नळी थोडी वाकवून पाहावी. करकर आवाज आला किंवा टणक लागली की निर्णय झाला.

आपल्याकडे या प्रश्नाला अलीकडे वेगळीच निकड आली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर गेले. २० टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने ते उद्दिष्ट गाठले. ब्रिटनमध्येही सप्टेंबर २०२१ पासून १० टक्के मिश्रण हे नेहमीचे पेट्रोल झाले, तेव्हा तेथील जुन्या मोटारींच्या मालकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. १९६० च्या दशकातील रबर असे पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलेच नव्हते. त्याने ते फुगते, मऊ पडते, चुरा होते. बुचाच्या तरंगांवरचा लाखेचा लेप अल्कोहोलमध्ये विरघळतो. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषते. पाणी फार झाले की पाणी आणि अल्कोहोल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात आणि तेथे जस्त, पोलाद, शिसे-कथलाचा लेप या सर्वांना गंज चढतो. म्हणून नवी नळी घेताना आतला थर फ्लुओरोइलॅस्टोमरचा, म्हणजे सामान्य भाषेत व्हिटॉनच्या जातीचा आहे, याची खात्री करावी. एसएई जे३० आर९ असा शिक्का हे त्याचे एक चिन्ह. तरंगकोठीची सुईही व्हिटॉनच्या टोकाची मिळते.

पोलादी नळी गंजली असेल तर तिच्या जागी साध्या तांब्याची नळी घालण्याचा मोह होतो, कारण ती हाताने वाकते. पण तांबे थरथरीने टणक होऊन तडकते, आणि तांब्याच्या सान्निध्यात पेट्रोलमध्ये डिंकासारखा साका लवकर धरतो. तांबे आणि सुमारे १० टक्के निकेल यांच्या मिश्रधातूची नळी या दोन्ही दोषांपासून पुष्कळशी मुक्त असते, गंजत नाही, आणि वाकवायलाही सोपी असते.

मुलामा, विष आणि घरातली मुले

येथपर्यंतचा भाग कोणताही जाणता मिस्त्री सांगू शकेल. यापुढचे मात्र आपण डॉक्टरांनीच सांगायला हवे.

कॅडमियमचा मुलामा गुणाने उत्तम, पण धातू म्हणून कॅडमियम विषारी आहे. मूत्रपिंडात ते दहा ते तीस वर्षे टिकून राहते, मूत्रनलिकांना इजा करते आणि हाडे ठिसूळ करते. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरले, आणि त्यातून उद्भवलेल्या ‘इताई-इताई’ या वेदनामय विकाराला तेथील सरकारने १९६८ साली प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्यता दिली. सोनेरी छटा देणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने २००० साली काढलेल्या निर्देशानुसार जुलै २००३ नंतर बाजारात येणाऱ्या नव्या गाड्यांत शिसे, पारा, कॅडमियम आणि षट्संयुजी क्रोमियम यांवर, काही सवलती वगळता, बंदी आली. आज त्रिसंयुजी क्रोमियमवर आधारित मुलामा मिळतो आणि त्यातही पिवळी छटा आणता येते. दिसण्यात किंचित फरक पडतो. तो मान्य करावा असे माझे स्पष्ट मत आहे. तो कोणता हे मुलामा देणाऱ्याला विचारावे. आपण विचारले तरच तो सांगेल, आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या पोरांच्या फुप्फुसांसाठीही ते बरे.

जुन्या भागावर कॅडमियम आहे की जस्त, हे नुसत्या डोळ्यांना सहज कळत नाही. म्हणून मुलामा असलेला कोणताही जुना भाग थेट ज्योतीवर धरू नये, त्याला डाग देऊ नये, कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. जस्ताच्या धुराने येणारा ताप एकदोन दिवसांत आपोआप उतरतो. कॅडमियमच्या धुराने पहिल्या काही तासांत अगदी तशीच लक्षणे दिसतात. थंडी, ताप, खोकला, अंगदुखी. पण पुढच्या दिवसभरात त्यातून रासायनिक न्यूमोनिया आणि फुप्फुसांत पाणी साठणे असे जीवघेणे वळण लागू शकते. संध्याकाळी दवाखान्यात ‘फ्लू’ घेऊन आलेल्या वेल्डरला ‘आज काय तापवलेत?’ हा प्रश्न विचारायला हवा. तेवढ्या एका प्रश्नाने त्याचा जीव वाचू शकतो.

शिशाची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ साली शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबवली. पण जुन्या टाकीच्या तळाचा गाळ, टाकीच्या पत्र्यावरचा शिसे-कथलाचा लेप आणि जोडांवरचा डाख यांत ते शिसे अजून तसेच आहे. ते खरवडणाऱ्या माणसाच्या कपड्यांवरून, हातांवरून ते घरात येते आणि जमिनीवर रांगणाऱ्या, सर्व काही तोंडात घालणाऱ्या बाळापर्यंत पोहोचते. मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. म्हणून कामाचे कपडे शेडमध्येच उतरवावेत, वेगळे धुवावेत, खरवडणे ओलसर करूनच करावे, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय नातवंडाला उचलू नये.

शेवटची गोष्ट पेट्रोलचीच. नळ्या सोडताना टाकी रिकामी करावी लागते. आपल्याकडे आजही पुष्कळ ठिकाणी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढतात. पेट्रोल पातळ असते, त्याचा पृष्ठताण कमी असतो. चुकून ठसका लागला की ते पोटाऐवजी सहज फुप्फुसात पसरते. यासाठी हातपंप वापरावा. तो स्वस्त आहे. काढलेले पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. बालरोगतज्ज्ञाला हे सांगावेसे वाटते, कारण रॉकेल प्यायलेली मुले आमच्या पिढीने वॉर्डात भरपूर पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा कारण तेच असे: ओळखीची बाटली, अनोळखी द्रव. मुलाने पेट्रोल प्यायल्याचा संशय आला तर उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये, बोटे घालू नयेत; पोटात गेलेले पेट्रोल परत येताना फुप्फुसात जाते आणि खरी हानी तेथे होते. मूल बरे दिसत असले तरी रुग्णालयात नेऊन किमान सहा तास देखरेखीखाली ठेवावे.

कामाचा क्रम

प्रत्यक्ष कामात आम्ही पुढील क्रम ठरवला आणि तो उपयोगी पडला. बॅटरीची तार काढायची. गाडी उघड्यावर, हवेशीर जागी घ्यायची, खड्ड्यावर नाही. पेट्रोल आणि रसायनांच्या आगीसाठीचे अग्निशामक हाताशी ठेवायचे. प्रत्येक जोडणी काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढून तिला चिठ्ठी बांधायची. मग तीन डबे करायचे: जपायचे, मुलाम्याला द्यायचे, बदलायचे. बदललेले मूळ भागही टाकायचे नाहीत. जुन्या वाहनांच्या संघटनांची ‘फीवा’ ही जागतिक संस्था १९६६ पासून काम करते. २०१२ साली तिने स्वीकारलेल्या ‘तुरिन सनदे’त मूळ साहित्य जपण्यावर आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवण्यावर भर आहे. मूळ भाग डब्यात जपता येतो. तो इंजिनावरच असला पाहिजे असे नाही.

जोडणी पूर्ण झाल्यावर एसयू पंप हा स्वतःच उत्तम निदानसाधन ठरतो. किल्ली फिरवली की तो टिकटिक करत कोठ्या भरतो आणि मग गप्प होतो. इंजिन बंद असताना तो टिकटिकतच राहिला आणि पेट्रोल पुढे येत नसेल, तर पंपाच्या मागच्या बाजूला कोठे तरी हवा शिरते आहे. तेथे थेंब दिसणार नाही, कारण त्या बाजूला पंप ओढतो, ढकलत नाही. पेट्रोल येते आहे आणि तरीही मधूनच टिकटिक ऐकू येते, तर पुढे गळती आहे, सुईची झडप मिटत नाही किंवा पंपाचीच झडप मागे सोडते आहे. मुळीच आवाज नसेल तर विजेची तार आणि पंपाचे संपर्कबिंदू पाहावेत. स्टेथॉस्कोपला सरावलेल्या कानांना हे चटकन समजते.

त्यानंतर प्रत्येक जोडणी कोरडी पुसून तिच्यावर खडूची पूड भुरभुरवावी. ओल आली की पूड गडद होते. ही परीक्षा तीनदा करावी: थंड इंजिनावर, गरम इंजिन बंद केल्यावर, आणि गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी. तिन्ही वेळा पूड पांढरी राहिली तरच गाडी रस्त्यावर काढावी. आणि हे एकदा करून भागत नाही. दरवर्षी पावसाळा संपला की रबरी नळ्या हाताने दाबून, वाकवून पाहाव्यात.

प्रदर्शनात गाडी उभी राहते तेव्हा परीक्षक बॉनेट उघडून सोनेरी बँजोकडे कौतुकाने पाहतात. त्याखालचा वॉशर कोणी पाहत नाही, कोणी त्याला गुण देत नाही. मोटार सुरक्षित ठेवतो तो मात्र तोच. ज्यांच्या शेडमध्ये अशी एखादी गाडी उभी आहे, त्यांनी या रविवारी बॉनेट उघडावे, रबरी नळी बोटांनी दाबून पाहावी, आणि शेडमधल्या फळीवर पाण्याच्या बाटलीत काही भरून ठेवलेले आहे का, तेही पाहावे.